कुत्रं अजून बसलेलं नाही

गुरुवारी साडेपाचला, म्हणजे अंधार पडून दोन तास झाल्यावर,
मासळीच्या गोदामामागच्या खोलीत आम्ही चौघं जमतो.
कॉफी हाल्बेराची, खुर्च्या शाळेच्या, वास कॉडचा.
काम: शब्द.

राजधानीतून यादी येते, इंग्रजी नावांची,
आणि खाली एक ओळ, दरवेळी तीच:
आपल्यात याला काय म्हणाल?

आमच्या आधीच्यांनी कामं चोख केली होती.
टेलिफोन आला, तर जुन्या चर्मपत्रांत
मरून पडलेला शब्द उचलला, सीमी, म्हणजे दोरा,
झटकला, आणि लावला लोकांच्या कानाला.
संगणकाला म्हणाले तोल्वा:
अर्धी आकडा, अर्धी भविष्य सांगणारी बाई.
पडद्याला स्क्याउर. गवतमातीच्या घरांना काच नव्हती तेव्हा
झरोक्यावर ताणून बसवायचे तो गर्भपिशवीचा पापुद्रा.
उजेड यायचा त्यातून.
पलीकडचा माणूस मात्र ओळखू यायचा नाही.

या खेपेला यादीत फिरणारं वर्तुळ.
ते गरगरतं आणि आपण बघत बसतो, ते.

ग्रीमूर, चाळीस वर्षं बोटीवर, म्हणाला,
गळ टाकून दोर हातात धरून बसतो ना, त्याला आमच्यात शब्द आहे.
हाल्बेरा म्हणाली, आहे, आणि त्याचा दुसरा अर्थही आहे.
ग्रीमूर लाल झाला. शब्द बाद.
एइविंदुर मास्तरांनी सात अक्षरांचा जोडशब्द केला,
व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नाही.
आम्ही प्रत्येकानं तो एकदा उच्चारून पाहिला
आणि मग बराच वेळ नुसती कॉफी प्यायलो.
शेवटी तोच पाठवला.

शनिवारी दुकानात कार्ड चालेना.
रांगेत पाचजण, यंत्रावर वर्तुळ,
आणि गल्ल्यावरच्या रान्वेइगची पोरगी, उर्डुर, सहा वर्षांची,
पिठाच्या पोत्यावर पाय हलवत म्हणाली,
कुत्रं अजून बसलेलं नाही.

सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांच्या घरी होतंच एक,
निजण्याआधी तीनदा, चारदा
स्वतःभोवती फिरून जागा करणारं.
हिवाळा सरेपर्यंत बँकेतला साहेबही म्हणू लागला,
थांबा जरा, कुत्रं फिरतंय.
आमचा शब्द छापून आला. बरा दिसतो.
मास्तर एकटे वापरतात तो, निष्ठेनं.

माझी सोल्रून कोपनहेगनला असते, अकरा वर्षं झाली.
रविवारी पडद्यावर येते.
हल्ली वाक्याच्या मध्येच अडते, आपला शब्द चाचपते,
सापडला नाही की डॅनिश टाकून पुढे जाते.
मी दुरुस्त करत नाही.

परवा वादळ होतं. ती म्हणत होती, डॉक्टर म्हणाले,
आणि तोंड उघडं असतानाच थिजली.
वर्तुळ बरोबर तिच्या कपाळावर.
पलीकडे ऐकू जातंय की नाही कळेना, तरी मी म्हणाले,
थांब गं. कुत्रं बसू दे.

पत्रा वाजत राहिला. कॉफी निवली.
मग आवाज आधी आला, चेहरा मागून:
कुठलं कुत्रं, आई?

मी पिठाच्या पोत्यापासून सांगितलं.
ती हसली. म्हणाली, आपली कोल्ला फिरायची तशी, उजवीकडून,
आणि त्या फिरण्याला तिनं एक क्रियापद वापरलं
जे मी तिला शिकवल्याचं आठवत नाही,
जे कुठल्याच यादीत आलेलं नाही.

डॉक्टर काय म्हणाले, ते मी त्यानंतर विचारलं.