चौथं चाक

सन्मती चौगुल्याच्या दुकानात, विजयनगरच्या अलीकडं,
चाकं भिंतीवर लावलेली असतात
ताटाळ्यातल्या ताटांसारखी.
तीन रविवार नुसताच बघून गेलोय.
चौदाची, पंधराची, सोळाची,
काळी, चंदेरी, एक संच तर तांबूस,
जयसिंगपूरच्या कुणा नवरदेवानं सांगून ठेवलेला
आणि लग्न मोडल्यावर न नेलेला.

माझी स्विफ्ट दोन हजार अकराची,
गुरांच्या डॉक्टरकडनं घेतलेली.
मागच्या सीटखाली अजून कधीकधी
सुईचं टोपण सापडतं.
लोखंडी रिम गंजलेत, टोप्या दोनच उरल्यात.
"सोळाची टाक," सन्मती म्हणतो, "गाडी उठून दिसंल."
"आणि खड्ड्यात?"
"खड्ड्यात सगळ्याच बसलेल्या दिसत्यात."

चार नट, शंभरचा पीसीडी,
बोअर चोपन्न पूर्णांक एक.
हे आकडे मी पाठ केलेत
लहानपणी सतारीचे पडदे पाठ केले तसे,
आणि तितकेच अर्धवट कळलेत.

चौथ्या रविवारी अब्बा बरोबर होते.
मिरजेहून त्यांचा चष्मा आणायला निघालो होतो,
वाटेत थांबलो.

त्यांनी भिंतीकडं पाहिलंच नाही.
खाली, टायरच्या राशीमागं,
वापरलेल्या चाकांचा संच पडला होता, सात काड्यांचा.
त्याच्यापाशी उकिडवे बसले,
एक चाक उभं धरलं,
मधलं बोट वळवलं
आणि पेरानं ठोकलं.

चाळीस वर्षं याच बोटानं
भीमेकाठच्या भोपळ्यांना विचारलंय:
आहेस का आत?
पोतं रिकामं करायचं, ठोकत ठोकत
पाच-सहा बाजूला काढायचे.
बाकीच्यांवर राग नाही,
परत पोत्यात.

पहिलं बोललं. दुसरं बोललं.
तिसऱ्याला दोनदा विचारलं,
मग कूस बदलून पुन्हा.
"हे बोलत न्हाई."
बिरू, पंक्चर काढणारा पोरगा, हसला,
"चाचा, मुकं असंल."
सन्मती हसला नाही.
त्यानं चाक पालथं घातलं, आतल्या कडेवरनं अंगठा फिरवला.
रंगाखाली वेल्डिंग होतं, बोटभर लांब,
घासून सपाट केलेलं.
"मलाबी ठाऊक नव्हतं," तो म्हणाला,
आणि मी ते खरं धरलं,
कारण टायरही त्याच्याकडनंच घ्यायचे होते,
उधारीवर.

चौथं बोललं.
म्हणजे झाली तीन.
"रिक्षा करा," बिरू म्हणाला.
अब्बा राशीत शिरले.
बऱ्याच वेळानं एक घेऊन आले,
पाच काड्यांचं, दुसऱ्याच घराण्यातलं.
नट बसले, ऑफसेट बसला,
आवाज जवळपास बसला.
मी म्हटलं, वेगळं दिसतंय, लोक हसतील.
"डाव्या अंगाला मागं लाव. भिंतीकडंनं."
आमच्या गल्लीत गाडी लावली
की ती बाजू फक्त मांजरांना दिसते.

बारा हजारांचे साडेनऊ झाले.
मुकं चाक सन्मतीनं भंगारात घातलं नाही,
दाराशी आडवं टाकलं, वर पाण्याचं घमेलं ठेवलं.
बिरू त्यात ट्यूब बुडवतो आता,
बुडबुडे बघतो.

चष्म्याचं दुकान बंद होतं.
रविवार, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.
मग उगाच अंकलीच्या पुलापर्यंत गेलो.
अब्बांनी काचा खाली घ्यायला लावल्या.
साठच्या वर पुलाचा एकेक सांधा
पुढच्या चाकाखाली, मागच्या चाकाखाली,
खाली कृष्णा, पाणी कमी,
वाळूत कुणाचा तरी ट्रॅक्टर.

"डावं मागचं जरा उतरलंय."
"बदलून आणू?"
पूल संपला. ऊस सुरू झाला.
"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "भांडत न्हाई."

मी मान हलवली.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं,
हे मी त्यांना सांगितलं नाही.