रेषेवरच्या पेशी

पहिल्या वेळी घाई नडली.
चाळीस लिटर माल्टाचा काढा, आणि त्यात
पुण्याहून बसनं आलेली अंगठ्याएवढी यीस्टची एक कुपी.
फर्मिन म्हणाला, "वाढतील की रे,
आंबोळीचं पीठ काय मोजून फुगतंय?"

तीन दिवस हूं नाही की चूं नाही.
चौथ्या दिवशी उद्यमबागेतल्या माझ्या शेडमधून
नासक्या अंड्यांचा वास असा सुटला
की बफिंगवाला बसलिंग पान्हा घेऊनच आला,
"गॅस गळालाय काय बघा."
सगळं मोरीत गेलं.

चूक कळायला वर्ष लागलं.
उबेत जे काम चौघं उरकतात
त्याला दहा अंशांच्या गारठ्यात आठ जण लागतात,
आणि तेही रडतखडत.
लागरला गारठाच हवा.
म्हणजे माणसं आधी जमवायची, मग काम काढायचं.
पंचवीस वर्षं फौंड्रीत पाळ्या लावल्या मी,
आणि इथं एकट्याला जुंपलं होतं.

यंदा पौषातच बसलो.
जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, त्यावर स्पीकरचं लोहचुंबक,
वर काचेचा चंबू, आत दीड लिटर पातळ काढा.
आत भोवरा फिरतोय रात्रंदिवस.
मध्येच वीज गेली की भोवरा बसतो
आणि मी अंधारात चंबू हातानं हलवत उभा,
तान्ह्या पोराला खांद्यावर घेतल्यासारखा.

मग फ्रीज. दोन दिवसांनी तळाशी थर,
तांदळाच्या धुवणाचा असतो तसा.
वरचं आंबट पाणी ओतून द्यायचं (फर्मिन तेही प्याला),
थरावर सहा लिटर नवा काढा,
पुन्हा भोवरा.

पुरेसं झालं का, हे कुणाला विचारायचं?
शहापुरातल्या लॅबमध्ये दानम्मा रक्त तपासते.
रविवारी शटर अर्धं ओढून तिनं
आमचा एक थेंब काचेवर घेतला, त्यात निळा रंग.
"मेलेली निळी दिसत्यात," ती म्हणाली,
"जिवंत असत्यात ती रंग पचवून टाकत्यात."
मी डोळा लावला.
चौकटी, चौकटींत चौकटी,
आणि साबुदाण्यासारखे दाणे सगळीकडे.

"रेषेवर बसलीत ती?"
"वरची रेष, डावी रेष, ती आपली.
खालची नि उजवी शेजारच्या चौकटीची."
"कुणी ठरवलं?"
"मला कोर्समध्ये शिकवलं."

फर्मिन एरवी कशावरही हसतो. तो हसला नाही.
शटरखालून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती,
दोन लिप्यांतली,
एका लिपीवर डांबर.

दानम्मा बटण दाबत मोजत राहिली,
ओंदु, एरडु, मूरु.
मी मनात एक, दोन, तीन.
आकडा दोघांचा एकच आला.
"वगळलं म्हणजे मारलं नव्हं," ती न बघताच म्हणाली,
"दोनदा मोजायचं नाही, एवढंच."

सातशे वीस अब्ज हवी होती.
भरली पाचशे चाळीस.
फर्मिन म्हणाला, जवळपास झालंच की, ओत.
मी चंबू पिशवीत घातला आणि घरी आलो.
अजून एक पायरी, अजून चार दिवस,
डीप फ्रीजरात चाळीस लिटर
झाकण लावून ताटकळलेलं.

तिसऱ्या रात्री झोप लागेना.
दानम्माला फोन केला, साडेअकराला.
"वरची रेष आपली, उजवी शेजारची.
मग वरच्या उजव्या कोपऱ्यात बसलेली एक होती, ती?"
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज, तिच्याकडचा की माझ्याकडचा.
"तीच सापडत असंल तुम्हाला," ती म्हणाली,
"रंगली होती का?"
"नाही."
"मग झालं की. झोपा."

शनिवारी ओतलं.
रविवारी पहाटे, पाच वाजायच्या आधी,
डीप फ्रीजरच्या झाकणाखालून
गुळ्ळ.
मग बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा.