अंदाजानं

डावीकडचं जग गेलं ते सोमवारी, चहा पिताना.
अंधार नव्हे. अंधार असता तर दिसला असता.
तिथं काही नाहीच,
आपल्या पाठीमागं आपल्याला काळं दिसत नाही ना,
तसं.
ताटातली डावीकडची भाकरी तशीच राहायची
आणि शेवंता म्हणायची, भूक नाही होय ओ?

खासबागेतून टेम्पोनं दवाखान्यात नेलं.
डॉक्टरांचं आडनाव अक्कतंगेरहाळ,
त्यांची मराठी माझ्या कन्नडइतकीच मोडकी.
दोघं मधेच कुठंतरी भेटत होतो.

बोगद्यात सरकवलं. डोकं हलवायचं नाही.
मशीनवरची पोरगी म्हणाली, मामा, घाबरू नका,
लई आवाज करतंय.
आणि सुरू झालं: खडाक खट, खडाक खट.
अगं, चाळीस वर्षं याच आवाजात जेवलोय मी.
बाहेर शेवंता देवाचं नाव घेत बसलेली, मी आत
पट्टा ढिला झालाय काय ते ऐकत.

मग कानात डॉक्टर: डावीकडं ठिपके सोडलेत.
काणस्तैतेनू?
इल्ल.
वर चाललेत की खाली?
दिसतच नाही तर सांगू कसं?
अंदाजानं सांगा.
खाली. वर. वर. खाली.
लॉटरीची तिकिटं फाडावीत तसं सांगत सुटलो.

वीसपैकी सतरा बरोबर.

पडद्यावर माझा मेंदू, उभ्या चिरलेल्या फ्लॉवरसारखा.
मागं, उजव्या अंगाला डाग,
जिथं त्या सोमवारी रक्त पोचलं नाही.
आणि डागाच्या जरा पुढं, कानामागं,
एक केशरी कण, मसुराच्या डाळीएवढा,
पेटलेला.
डॉक्टर खुर्चीतून उठलेच.
तुम्हाला दिसत नाही, म्हणाले, पण ह्याला कळतंय.
मला त्यांच्याइतकं नवल नाही वाटलं.
मागावर धागा तुटला की आधी हात जायचा,
मग डोळे,
मग तोंडातून शिवी.

परतताना कपिलेश्वराजवळ
डावीकडून सायकल आली म्हणे.
मी नाही बघितली. मी नुसता मागं सरलो.
शेवंतानं दंड धरला. दिसली?
नाही गे.
मग सरलात कसं?
आता तिला काय सांगू,
जो सरला त्याची माझी अजून ओळख नाही.

रात्री झोप लागेना.
सतराचं काही नाही. ते तीनच डोक्यात.
मला चांगलं आठवतंय,
तेवढ्या तीन वेळा
मी विचार करून सांगितलं होतं.