सव्वादोन मीटर

नैतामच्या भाल्याला खोलीत जागा नव्हती.
तिच्या कॉटखाली सरकवला
की एक हात माझ्या बाजूला यायचा,
आणि रात्री उठले की माझी करंगळी
अंधारात नेमका त्यालाच शोधायची.

"थोडासा कापून टाक ना," मी म्हटलं.
ती हसली नाही.
एटापल्लीहून बसच्या टपावर बांधून आणला होता तिनं तो,
आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून.

तिचा गजर साडेचारचा, माझी झोप अडीचची.
फार्मसीचं दुसरं वर्ष, रवीनगरचं होस्टेल,
एक खिडकी, एक कूलर,
बामचा वास
आणि माझ्या पुस्तकांवर ठेवलेली
भिजल्या चण्यांची वाटी.
दिवाळीच्या तोंडावर मी ओरडलेच:
"तुला काय वं, तुला फेकायचं असते,
मला पास व्हायचं असते!"
"बरं," ती म्हणाली.
एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून गजर वाजला नाही.
वाटलं, सोडलं हिनं मैदान.
पण सातला परतायची ती,
बुटांना माती, केसांत गवताची काडी,
हातात माझ्यासाठी तर्री-पोहे, कागद तेलानं पारदर्शक झालेला.
मी काही विचारलं नाही.
झोप गोड होती.

फेब्रुवारीत कळलं,
तेही मेसच्या गिरजाबाईंकडून.
"झोपताना दोन तांबे पाणी पिते पोरगी,
पहाटे आपसूक उठा लागते म्हणून.
थंडीतही!
काहून वं, म्हटलं,
तं म्हणते, गजरानं आचल उठते."

त्या रात्री मी जिन्यात बसून वाचलं.
ट्रंक गॅलरीत काढली,
कॉट भिंतीपासून हातभर ओढली,
आणि त्या फटीत भाला
पहिल्यांदाच पूर्ण लांबीनं झोपला.
ती बघत राहिली.
मग आम्ही त्यावर ओढण्या वाळत घातल्या.
पूर्वी मला ते सुचलं नव्हतं, तिला बहुतेक विचारायचं नव्हतं.

मानकापूरच्या स्पर्धेत
भाल्याच्या शेपटाला माझा एक नारंगी धागा अडकून राहिला होता.
पंचांनी विचारलं, हे काय?
"रूममेटचं आहे," म्हणाली
आणि काढून खिशात ठेवला.
तिसरी आली.

आता साडेचारचा गजर मीच लावते,
माझ्याच उशीखाली.
पण तिची पाण्याची सवय सुटली नाही,
गजराआधीच ती दारापर्यंत पोचलेली असते,
आणि आधी कोण जाणार
यावरून आम्ही दोघी
अख्ख्या मजल्याला उठवतो.