बर्चच्या तीन गाड्या

तिला लायब्ररी म्हणतात, पण तिच्यात पुस्तक एकही नाही.
दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवलेल्या हजारो ओळी,
त्यातल्या मी चार वापरते.

कार्दलाची नगरपालिका. बेटावरचं गाव.
हिवाळ्याचं सरपण मागवायचा फॉर्म माझ्याकडे:
नाव. घराचं नाव, कारण इथं घरांनाच नावं असतात.
लाकूड बर्च की अल्डर. किती घनमीटर.
आणि खाली बटण.

पूर्वी बटण दाबलं की पान पांढरंफटक पडायचं,
चार-पाच सेकंद काहीच नसायचं,
मग ‘आभारी आहोत’ एवढंच लिहिलेलं दुसरं पान.
मधेच नेट गेलं तर सगळं पुसलेलं,
पुन्हा नावापासून श्रीगणेशा.
मला त्या पांढऱ्या पानाची लाज वाटायची.

म्हणून त्या चार ओळी.
पहिली पानाला म्हणते, तू बस, उठू नकोस.
दुसरी चौकटीचौकटीतलं वेचून गाठोडं बांधते.
तिसरी ते मागच्या दारानं पाठवते.
चौथी ‘मग’ या शब्दानं सुरू होते,
आणि ‘मग’च्या पुढे मी काहीच लिहिलं नव्हतं.
माझ्या टेबलावर सगळं इतकं झटकन व्हायचं
की लिहायला हवं हे सुचलंच नाही.

ऑक्टोबरात रायवोनं सालमेच्या अंगणात
मंगळवारी एक गाडी ओतली, बुधवारी एक.
गुरुवारी तिथूनच मला फोन केला:
‘ही बाई घर तापवणार आहे की अख्खं बेट?’

मी सायकल काढली.
तीन ढीग. दारापर्यंत जायला वाट नाही.
ओल्या सालीचा वास, आणि सालमे
हातमोजे घालून एकटीच रचत बसलेली.
‘तीनदा का दाबलंत?’
‘काही झालं नाही म्हणून.’
‘झालं होतं. आता ते गुपचूप होतं.’
तिनं ओंडका खाली ठेवला.
‘पूर्वी पान जायचं.
वाटायचं, कुणीतरी उठलं, कागद घेऊन आत गेलं.
आता कागद माझ्यासमोर तसाच,
आणि तू म्हणतेस, गेला.’

कॉफी झाली. वेलचीचा पाव झाला.
मग विचारलं नसताना तिनं सांगितलं:
चव्वेचाळीसच्या शरदात थोरला भाऊ
रात्रीच्या होडीनं पलीकडे, स्वीडनला गेला.
ती तीन वर्षांची, तिला फक्त त्याचे बूट आठवतात.
पुढे पत्रं जाऊ लागली तेव्हा आईनं एक लिहिलं.
उत्तर नाही. तेच पुन्हा लिहिलं.
तिसऱ्यांदाही तेच, शब्दाला शब्द,
फक्त गाईचं नाव बदललं, कारण आधीची मेली होती.
छप्पन साली उत्तर आलं, गुटगुटीत अक्षरात.
तीनातलं कोणतं मिळालं ते लिहिलेलं नव्हतं.
‘गाईबद्दल विचारलं असतं तर कळलं असतं,’
सालमे म्हणाली, आणि कप धुवायला उठली.

माझ्या लायब्ररीत पाठवणाऱ्याच्या हाती
लगेच एक वस्तू पडते, तिचं नाव वचन.
अजून पाळलेलं नाही, मोडलेलंही नाही.
मी ते रोज लिहायचे. कधी हातात धरून पाहिलं नव्हतं.

रात्री ऑफिसात दिवा लावून बसले.
दाबल्याबरोबर बटण फिकं होईल, दुसऱ्यांदा दबणार नाही.
शेजारी लिहून येईल: नेत आहोत.
‘मग’च्या पुढे: पोहोचलं, अकरा बेचाळीस,
बर्च, दोन घनमीटर.
आणि ‘नाहीतर’च्या पुढे, ज्याला मला सगळ्यात वेळ लागला:
पोहोचलं नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं इथंच आहे.
पुन्हा पाठवा.

‘क्षमस्व’ लिहिलं होतं. खोडलं.

जास्तीच्या दोन गाड्या परत न्यायला रायवो तयार होता.
सालमेनं एकच नेऊ दिली.
म्हणाली, आलेलं परत पाठवायची
आमच्या घरात पद्धत नाही.