पान

सावद्याच्या केळी-गटाचा हिशेब
नेहेतेंनी लिहिला होता जावात, बारा वर्षांपूर्वी.
एकाच पानात सगळं: भाव, तोलाई, हमाली,
त्यातच पिवळा रंग, ठळक अक्षरं, टेबलाच्या कडा.
भरीत कालवावं तसं.

परवा कुणी म्हणालं, मथळा हिरवा करा.
केला.
हमाली गायब.

तीन रात्री निवडत बसले.
हिशेब आत नेला, चुलीपाशी.
पान उरलं केळीच्या पानासारखं:
वाढलं ते धरायचं,
मीठ किती पडलंय, हे त्यानं विचारायचं नाही.

पहाटे एक ओळ सापडली,
दोन रंगांच्या मधे अडकलेली:
नाव ‘द्वारकाबाई फालक’ असेल तर तोलाई शून्य.
शेजारी ना टीप, ना तारीख.

नेहेतेंना फोन लावला. भुसावळला असतात, ऐकू कमी येतं.
“जावा? आवो, ते कव्हाच इसरलो.”
ओळ वाचून दाखवली.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
“तेव्हढी ऱ्हाऊ द्या.”

राहू दिली. आत, हिशेबातच.
पण तिथं प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं.
कर्सर लुकलुकतोय,
मी अजून काही टाइप केलेलं नाही.