कॉम्प्रेसर

सावळजच्या कोल्ड स्टोरेजला एकवीस वर्षं काढली.
चार डिग्रीत बेदाणा झोपतो,
आणि मी कॉटवर, कॉम्प्रेसरच्या घुंईत.
तो बंद पडला की जाग येते.
पाय आधी चपलेत जातात,
डोळे नंतर उघडतात.

घरीही तेच.
इंद्रजित घोरतो तोवर बरं असतं.
शेजारची मालन म्हणते, भिंतीपलीकडं ऐकू येतंय हो.
येऊ दे.
मधेच आवाज तुटतो.
मी अंधारात मोजतो, सात, आठ, नऊ,
कधी चौदा, एकदा सव्वीस,
मग पाण्यातून वर आल्यासारखा हिसका
आणि पुन्हा घरघर.
तेव्हा कळतं, माझाही अडकला होता.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला रात्रभर वायरी चिकटवल्या.
सकाळी कागद दाखवला: तासाला एकतीस वेळा.
आजाराला दोन परदेशी आडनावं आहेत,
मला अजून धड म्हणता येत नाहीत.
पंधराव्या जोडीतला एक तुकडा नाही, म्हणाल्या.
कुणाकडचा? हिनं विचारलं.
वडिलांकडून यायचा असतो तो.
कुणाची चूक नाही, हेही म्हणाल्या,
दोनदा म्हणाल्या.
येताना एस्टीत आम्ही दोघं बाहेर बघत होतो,
एकाच खिडकीतून.

त्याची भूक भागत नाही.
फडताळाला कुलूप, फ्रिजला साखळी,
किल्ली हिच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी.
माझ्या सदऱ्याला बेदाण्याचा वास,
म्हणून अंगणात आंघोळ करून आत जातो.
तरी परवा त्यानं खिसा हुंगला.
"आप्पा, आज किती?"
दहा. मोजून दहा.
एकेक जिभेवर ठेवतो, मऊ होईस्तोवर,
आणि सांगतो: हा आंबट. हा गोड.
हा तुमच्यासारखा.

आता मास्क आहे. डोक्याला पट्टे, उशाशी यंत्र.
पहिले आठ दिवस ओढून फेकला.
मग मी म्हटलं, हा छोटा कॉम्प्रेसर,
आणि तू आतला माल, एक नंबर.
हसला. लावून घेतला.
रात्रभर एकसारखी हवा जाते,
घोरणं नाही, तुटणं नाही.

आणि मला झोप येत नाही.

काल अडीचला लाईट गेली.
मालकानं दिलेली जुनी बॅटरी आहे, चार तास पुरते,
यंत्र थांबलं नाही.
तरी पाय चपलेत गेले.
उशाशी उकिडवा बसलो, बोटं मिटत उघडत.
मास्कच्या आत वाफ धरते, विरते.
धरते.